तवा सहा वेळा चढणारं घर

पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात दीड गुंठ्यावर बांधलेलं घर. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर पत्र्याची एक खोली. घरात माणसं नऊ: नवरा-बायको, त्यांची चार मुलं, सासू-सासरे आणि एक अविवाहित दीर. मूळ गाव लातूरकडचं. नवरा चाकणच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो, दीर पार्सलं पोचवतो. चारांपैकी मोठी तीन मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. शिकवणारी एकच, त्यांची आई. वय ३५, बी.एस्सी. झालेली. घर ओळखू येऊ नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत. प्रश्न आहे तसाच ठेवला आहे.

मी २६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. निवृत्तीनंतर मुलांना घरी शिकवणाऱ्या कुटुंबांकडे जाऊन बसते, त्यांना हवी ती मदत करते. सप्टेंबर २०२४ मध्ये या घरून फोन आला, तो नवऱ्याचा. "मॅडम, मिसेस फार चिडचिड करतात हल्ली. मुलांचा अभ्यास होत नाही. तुम्ही एक टाइमटेबल करून द्या."

घरी पोचले तर टाइमटेबल भिंतीवर आधीच होतं. ड्रॉइंग पेपरवर स्केचपेननं आखलेलं, तीन रकान्यांचं. १२ वर्षांच्या मोठ्याला सात तास, ९ वर्षांच्या मुलीला सात, ६ वर्षांच्या धाकट्याला चार. तास अर्ध्या तासाचा. बेरीज केली तर १८ तासिका, म्हणजे रोजचे नऊ तास शिकवणं, आणि तेही अडीच वर्षांची मुलगी कडेवर घेऊन. तो कागद बघून मला भरून आलं. किती मनापासून आखला होता तिनं!

मुलं शाळेत का जात नाहीत, हे आधी सांगायला हवं, कारण अशा घरांकडे लोक हौस म्हणून बघतात. मोठा मुलगा बोलताना अडखळतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तोवर तो कसाबसा जात होता. शाळा पुन्हा उघडल्यावर रोज एकाला उभं करून मोठ्यानं वाचायला लावायचे, आणि हा अडखळला की वर्ग हसायचा. हसणं थांबवायचं सोडून शिक्षकही त्यात सामील व्हायचे. मुलाला मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मना केलं आहे, पण हे त्या घरात कुणाला ठाऊक असणार? मुलगा रोज सकाळी दप्तर उचललं की ओकायचा. तीन महिने हे बघून आईनं त्याचं नाव काढून घेतलं. "एकाला घरी शिकवतेच आहे, तर बाकीच्यांनाही शिकवीन," असं म्हणून पाठच्या दोघांना तिनं घातलंच नाही. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, तरी मोठ्याच्या बाबतीत तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

पहिल्या भेटीत ती जे बोलली ते माझ्या वहीत आहे: "ताई, मला शिकवता येत नाही असं नाही. मला बसता येत नाही."

मी तेव्हा ते वाक्य नीट ऐकलं नाही. मी शिक्षिका, माझं लक्ष शिकवण्याकडे गेलं. तीन आठवडे मी तिच्याशी गणिताची साधनं आणि धाकट्याचं वाचन याबद्दलच बोलत राहिले. चौथ्या आठवड्यात ती जिन्यावर चक्कर येऊन पडली. हातात धुण्याची बादली होती. मूल कडेवर नव्हतं म्हणून बरं. त्या दिवशी तिचा हात धरून उठवताना पहिल्यांदा तिच्या नखांकडे माझं लक्ष गेलं. पांढरीफटक होती. तीन आठवडे मी तिच्यासमोर बसत होते आणि मला ती दिसली नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. हिमोग्लोबिन ८.६. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारल्यावर कळलं, धाकटीनंतर तांबी बसवली तेव्हापासून दहा-दहा दिवस अंगावरून जातं. तांबीनं काही जणींना रक्तस्राव वाढतो, पण हिनं कुणाला सांगितलंच नव्हतं, "सगळ्यांनाच होत असेल" म्हणून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. घरची बाई चिडचिडी झाली, विसरायला लागली, जिना चढताना धापा टाकायला लागली की आपण तिच्या स्वभावावर बोलतो. रक्त तपासायचं सुचत नाही. डॉक्टरांनी तांबी काढली, पर्याय समजावले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा घ्यायचा नाही असं बजावलं. ती दिवसातून पाच वेळा चहा घ्यायची, बरेचदा जेवणाऐवजी.

परत येताना रिक्षात मी तिला सरळ विचारलं, कधी जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. विचारावंच. ती बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मरावंसं नाही वाटत ताई. निजावंसं वाटतं." तरी मी १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून दिला. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मग मी शिकवण्याचं सगळं बाजूला ठेवलं. दोनशेपानी वही घेतली आणि पाच दिवस तिच्या घरात बसून नुसती नोंद केली. त्या आठवड्यात नवऱ्याची पहिली पाळी होती.

साडेचारला उठणं. पाचला तवा चढतो, नवऱ्याच्या डब्याच्या पोळ्यांसाठी, कारण कंपनीची बस पाच पन्नासला येते. आठला मुलांच्या नाश्त्याला धिरडी किंवा थालीपीठ. बाराच्या ठोक्याला सासऱ्यांची भाकरी. त्यांना मधुमेह आहे, गोळी घेतली की जेवण पुढे लागतं. दीडला मुलं आणि सासूबाई. चारला नवरा येतो, त्याला गरम. रात्री साडेआठला सगळे. तवा सहा वेळा चढायचा. रात्री अकराला दीर आला की कधीकधी सातव्यांदाही, कारण ज्वारीची भाकरी गार झाली की त्याला आवडत नाही. तव्याआधी कणीक किंवा पीठ मळणं, तव्यानंतर ओटा पुसणं आणि भांडी हे धरलं तर एकेका फेरीला पाऊण तासाच्या खाली काही नव्हतं.

त्यात पाणी. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून नळाला एक दिवसाआड पाणी येतं. पाण्याच्या दिवशी पहाटेच टाकी, पिंप, बादल्या भरणं, दोन दिवसांचं धुणं, फरशी, मोरी. त्या दिवशी भिंतीवरचं टाइमटेबल निव्वळ कागद असायचं.

आणि शिकवणं? बुधवारी तिनं नऊ ते एक मुलांजवळ बसायचं ठरवलं होतं. त्या चार तासांत ती ३१ वेळा उठली. मी रेघा ओढून मोजलं. दारावर भाजीवाला, सासऱ्यांचा चष्मा, धाकटीची शी, कुकर, दळण आणायला कुणीतरी, शेजारीण विरजण मागायला, सासूबाईंचं "जरा बघ गं". सगळ्यात लांब सलग बसणं झालं ते १४ मिनिटांचं. तिनं पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. मला कळायला एक वही लागली.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्यांनी स्वतः याहून जास्त केलं होतं, तेही आडातून पाणी शेंदून. त्यांचं म्हणणं एवढंच की "घरीच तर असते." शाळेत नोकरीला असती तर तिला नऊ ते एक कुणी हाक मारली नसती. घरात शिकवते म्हणजे ती मोकळी आहे, आणि मोकळ्या माणसाला हाक मारायला काय हरकत? देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरकामात जातात असं आलं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. माझ्या वहीत हिची ५२० मिनिटं भरली. नवऱ्याची त्या आठवड्यात ११, ती पाण्याची मोटर चालू-बंद करण्याची.

रविवारी सगळ्यांना खाली बसवून मी वही वाचून दाखवली. सल्ला दिला नाही, वेळा आणि रेघा वाचल्या. तव्याची सहावी वेळ आली तेव्हा सासरे म्हणाले, "मला बाराला लागतं, तर सगळेच बाराला का जेवत नाहीत?"

एवढं साधं होतं ते. सासऱ्यांची बाराची वेळ घरानं आपली केली आणि दीडचा तवा गेला. सकाळच्या नाश्त्याला डब्याबरोबरच केलेल्या पोळ्या, नाहीतर पोहे किंवा उपमा, म्हणजे आठचाही गेला. चारला येणाऱ्या नवऱ्यानं दुपारची भाकरी स्वतः गरम करून घ्यायची आणि दिरानं रात्रीची, यावर मात्र वाद झाला. "गडी माणसानं दिवसभर राबून यायचं आणि वर चुलीपुढं उभं राहायचं?" सासूबाईंनी विचारलं. सून काही बोलली नाही. दीरच म्हणाला, "आई, मी दिवसभर लोकांच्या दारात डबे नेऊन देतो. माझा मला घेता येईल." तवा तिनावर आला.

दुसरी गोष्ट वरच्या खोलीची. साडेनऊ ते साडेअकरा, दोन तास, आई आणि मुलं वर जाणार, दार लागणार, आणि घराला आग लागल्याशिवाय कुणी हाक मारायची नाही. धाकटीला तेवढा वेळ सासूबाईंनी सांभाळायचं. त्या लगेच तयार झाल्या नाहीत. त्यांना काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं, ते मी विचारलं. त्यांना सोमवारी आणि गुरुवारी दुपारी भजनी मंडळात जायचं होतं, आणि गुडघ्यामुळे सोबत कुणीतरी हवं होतं. मोठा नातू पोचवायला आणि आणायला जाईल, असं ठरलं. मला हा व्यवहार आवडला. म्हाताऱ्या माणसाकडून फुकट राबणूक घेऊन सुनेला सोडवायचं, तर एकीचं ओझं दुसरीच्या डोक्यावर जातं.

आता शिकवण्याकडे. माझी पहिली नेमणूक द्विशिक्षकी शाळेवर होती, पहिली ते चौथी. दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. चार वर्गांना चार वेगळे धडे एकाच वेळी शिकवता येतच नाहीत, हे पहिल्या आठवड्यात कळतं. मग एका वर्गाला शिकवायचं, दुसऱ्याला लिहायला द्यायचं, तिसऱ्यात मोठ्यानं लहानाला वाचून दाखवायचं, आणि काही विषय सगळ्यांना एकत्रच. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि खेड्यातले शिक्षक ते पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. ही आई मात्र एकाच खोलीत तीन स्वतंत्र शाळा चालवत होती. शहरातल्या शाळेत ती तसं शिकली होती, दुसरं कुठून ठाऊक असणार?

तासांचंही तेच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन धरलं आहे, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे पाचवीपर्यंत रोजचे चार तास, आणि ते भरलेल्या वर्गाला मिळून. घरात तीन मुलांच्या मधे मांडी घालून बसलेल्या आईचे सलग दोन तास भरपूर होतात. हे आकडे ऐकून ती म्हणाली, "मग मी तीन वर्षं कशाला मारत होते जिवाला?" आणि रडली. ते रडणं मी थांबवलं नाही.

पहिला एकत्र विषय आम्ही घेतला पाण्याचा, कारण तोच घरात रोज होता. गच्चीवरची टाकी हजार लिटरची. धाकट्यानं बादल्या मोजल्या आणि आकडे लिहिले. मुलीनं १००० ला ९ नं भागलं: प्रत्येकी १११, बाकी १. ते पाणी दोन दिवस पुरवायचं, म्हणजे माणशी दिवसाला साधारण ५५ लिटर. मोठ्यानं शोधून काढलं की गटारव्यवस्था असलेल्या शहरात माणशी १३५ लिटरचं प्रमाण धरतात, आणि आपल्या घरच्या पिंपांचं आणि बादल्यांचं पाणी मिळवूनही किती कमी पडतं याचा तक्ता केला. तो तक्ता आठ दिवस चालला. भिंतीवर टाइमटेबल होतं तिथे आता तो आहे.

सासऱ्यांचं मला आधी सुचलंच नव्हतं. ते एसटीत कंडक्टर होते. एकदा मी वरून उतरले तर ते मोठ्याला सांगत होते, एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, भाडं टप्प्यावर. "इथून लातूर ३३० किलोमीटर धर. किती टप्पे?" मुलगा न अडखळता म्हणाला, "पंचावन्न." मी जिन्यातच थांबले. आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अगदी औटकीपर्यंत पाठ. हे अपूर्णांकांचे पाढे आता शाळेत कुणी म्हणून घेत नाही. मुलं पाव आणि पाऊण कागदावर कापत बसतात, आजोबा तोंडी सांगतात. चार ते पाच हा तास त्यांचा झाला. ताल धरून पाढे म्हणताना मोठ्या नातवाची जीभ अडत नाही, हेही आजोबांनीच ओळखलं. बोलण्याच्या अडखळीसाठी वाचा-उपचार असतात, ते त्याला डिसेंबरपासून सुरू केले. एक तास अभ्यास आजोबांकडे गेला म्हणून आईला दिवसातला पहिला मोकळा तास मिळाला. त्या तासात ती काय करते हे मी विचारलं नाही, आणि घरातल्यांनाही विचारू नका म्हणून सांगितलं.

मुलीचं वेगळं निघालं. जानेवारीत ती मला हळूच म्हणाली, "मला शाळेत जायचंय, पण मम्मीला वाईट वाटेल." तिला मैत्रिणी हव्या होत्या, डबा खायला, भांडायला. आईला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही. आपण हरलो असं तिला वाटलं, शिवाय भीती होती, कधीच शाळेत न गेलेल्या पोरीला पहिलीत बसवतील. तसं होत नाही. कायद्याचं कलम ४ म्हणतं की सहा वर्षांवरच्या, शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे असेल तर विशेष प्रशिक्षणही द्यायचं. जून २०२५ मध्ये मुलगी महापालिकेच्या शाळेत पाचवीत बसली. भागाकारात ती वर्गाच्या पुढे होती.

मोठा घरीच राहणार. १४ पूर्ण झाले की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं. पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, म्हणजे एकाच वेळी सगळं काढायची सक्ती नाही. राज्य मंडळाचा, शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांसाठीचा सतरा नंबरचा फॉर्मही असतो, पण त्याच्या अटी बघाव्या लागतील. निर्णय तेव्हा घेऊ, असं ठरवून तो विषय आम्ही बंद केला.

सगळं बसलं असं मी लिहिणार नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात नवरा सकाळी घरी असतो, तेव्हा धुणं आणि दळण त्याचं, असं ठरलं होतं. दिवाळीत ओव्हरटाइम लागला आणि ते सुटलं. जानेवारीत पुन्हा धरलं, मेमध्ये गावी गेले तेव्हा पुन्हा सुटलं. दर वेळी तिलाच आठवण करून द्यावी लागते, आणि ती आठवण करून देणं हेही कामच आहे, हे त्याला अजून उमगलेलं नाही. धाकट्याला जोडाक्षरं वाचता येत नाहीत. भजनाला जाण्याच्या दिवशी सासूबाई खूश असतात, इतर दिवशी "माझ्या वेळी" सुरू होतं. हिमोग्लोबिन मार्चमध्ये १०.९ होतं, जुलैमध्ये ११.७.

ऑगस्टमध्ये मी शेवटची गेले, दुपारी दीडला. जिन्याच्या पायरीवर धाकटा बसला होता. मला बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं. वर दार लोटलेलं, आई आणि धाकटी झोपलेल्या. मोठ्यानं मला चहा करून दिला, साखर जरा जास्तच पडली होती. त्यानं केलेले तीन हिशेब आम्ही तिथेच पायरीवर बसून हळू आवाजात तपासले. एक चुकला होता, तो त्यानं स्वतः दुरुस्त केला. अडीच वाजले तरी ती उठली नव्हती. मी वही त्याच्याकडे दिली आणि निघाले.